पिवळ्या पाण्याचा जबाब

ती घटना नुसती आठवत नाही, ती आजही येऊन माझ्या खाटेवर ठाण मांडते.

मी तेव्हा भूमच्या पोलीस ठाण्यात फौजदार होतो. तालुक्यात त्या साली दुष्काळ असा, की ठाण्याच्या रिकाम्या रांजणातला विंचूसुद्धा बदलीचा अर्ज करील. अशात बौद्ध वस्तीतल्या एक आजीबाई तांब्या घेऊन ठाण्यात आल्या. आत पाणी हळदीसारखं पिवळं.

"सायेब, शेरडं तोंड लावंनात. तहसीलवाले म्हणत्यात, विहिरीत पाणी हाय, टँकर न्हाय!"

"कधीपासून असं?"

"सुरुंग लावून विहीर खोल केली तवापासनं. वरच्या अंगाचा बंद कारखाना बघा की."

कारखाना सहकारी संस्थेचा. सायकलींच्या हँडलांना क्रोमचा मुलामा द्यायचे. तिथल्या जुन्या मिस्तरीला चौकशीला बोलावलं. माणूस लाखात एक. माझ्या पट्ट्याचं बक्कल त्यानं असं चमकवलं होतं, की परेडला साहेबांचा घोडा बुजून थेट धाराशिवला पोचला. पण दोन तास एकच पालुपद : "मला ठाव न्हाय."

मग मी ते पाणी पेल्यात ओतलं. "म्हणजे पाणी चांगलंय!" म्हणत ओठांशी नेलं. पिणार नव्हतोच, मी काय खुळा? पण मिस्तरीनं झडप घालून पेला उडवला.

"मरायचंय का सायेब? क्रोमचं हाय ते!"

आणि तो ढसाढसा रडला. कारखाना बंद होताना हौदांतला गाळ त्यानंच मागच्या कोरड्या विहिरीत ओतला होता. "तिथं पाणीच न्हाय, मग नासणार काय, असं वाटलं." सुरुंगानं खडक चिरला आणि ते विष वस्तीच्या विहिरीत उतरलं.

गुन्हा नोंदवायला बसलो, तर आरोपी म्हणून त्याचं नाव लिहवेना; लेखणी खाली ठेवली. मिस्तरीच म्हणाला, "लिवा सायेब, ठळक लिवा. ह्या कागदाबिगर वस्तीला टँकर मिळायचा न्हाय."

लिहिला. पुढं मारे कोठडीतले दरोडेखोर बोलते केले, पण फिर्यादीच्या भल्यासाठी दिलेला कबुलीजबाब तो एकच. माणसानं काय केलं हे बघायचं, आणि कळल्यावर काय केलं हेही, एवढं मी त्यातून शिकलो.

मिस्तरी स्वतः कोरड्या विहिरीत उतरला. पंचांसमोर गाळ पिंपांत भरून सील होऊ लागला. चौथ्या दिवशी टँकर आला. आजीबाईंनी वस्तीदेखत मिस्तरीला अर्धा तास शिव्या घातल्या, मग टँकरच्या पाण्यानं तांब्या भरून पुढं केला.

"पी. आन उतर परत. गाळ अजून लई हाय."