शेवटाच्या आधी थांबवलेला सिनेमा

माझी मुलगी सोळा वर्षांची आहे आणि गेलं वर्षभर ती एकच सिनेमा बघते आहे. म्हणजे बाकीचेही बघते, पण ते एकदा बघून सोडून देते. हा मात्र जेवताना, केस विंचरताना, परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी, कधीही सुरू असतो. रक्त पिणाऱ्या एका शाळकरी मुलीची गोष्ट. जुना इंग्रजी सिनेमा, हिंदीत डब केलेला. मी तो महूला शाळेत असताना बघितला होता. केबलवाला सुट्टीच्या दुपारी लावायचा आणि आम्ही गल्लीतली पोरं शेजाऱ्यांच्या घरी पडदे ओढून बसायचो. मला तेव्हा त्यातले दात आवडले होते, बाकी काही कळलं नव्हतं. आमची पिढी पोटापाण्याला लागली की हा सिनेमाही विस्मरणात जाईल असं वाटलं होतं. कसला जातोय. मुलीच्या वर्गातल्या पोरी त्यातल्या नायिकेसारखी फिकट पांढुरकी लिपस्टिक लावून फोटो काढतात आणि त्यातले संवाद त्यांना धड्यांपेक्षा चांगले पाठ आहेत.

दुसऱ्या कुठल्या घरात बापाने एकदा ओरडून विषय संपवला असता. आमच्या घरात ते जमण्यासारखं नव्हतं. माझ्या मुलीला थॅलेसेमिया आहे. तिच्या अंगात रक्त नीट तयार होत नाही, म्हणून ती तान्ही असल्यापासून दर दोन-तीन आठवड्यांनी तिला दुसऱ्यांचं रक्त चढवावं लागतं. ते वेळेवर मिळालं की ती भांडते, गाते, पोह्यांवर मूठभर शेव टाकून खाते. उशीर झाला की जिन्यात तिला दम लागतो आणि बोलणं कमी होतं. त्यात तिचा गट ओ निगेटिव्ह, म्हणजे शोधत फिरावं लागणारा. अशा मुलीने दुसऱ्यांच्या रक्तावर जगणाऱ्या मुलीचा सिनेमा पुन्हा पुन्हा बघावा, तर बापाने त्याचा काय अर्थ लावायचा?

मी एका औषध कंपनीत क्वालिटी विभागात आहे. समोर आलेल्या प्रत्येक गोष्टीवर संशय घ्यायचा, हेच माझं काम, आणि पगारही त्याचाच मिळतो. घरी आल्यावर ही सवय काही चपलांबरोबर दाराबाहेर काढून ठेवता येत नाही. रोज सकाळी मी मुलीच्या डोळ्याची खालची पापणी ओढून आतला रंग बघतो. ती म्हणते, "पप्पा, मी टॅबलेट नाहीये यार." तरी बघू देते.

आमच्या घरात 'रक्त' हा शब्द कुणी काढत नाही. 'सेंटरला जायचं आहे' एवढंच म्हणायचं. बाहेर तर तेवढंही नाही. मुलगी लहान असताना माझी आई म्हणाली होती, मुलीची जात आहे, उद्या लग्नाचं बघावं लागेल, चार लोकांत बोलू नका. मी आणि बायको दोघं शिकलेले, महूच्या आमच्या वस्तीत भाषणंबिषणं ठोकणारे, पण तेव्हा निमूटपणे माना डोलावल्या. शाळेतल्या मैत्रिणींना सांगायचं की ट्यूशन आहे. नातेवाइकांत सांगायचं की अशक्तपणा आहे. आणि रक्तदाता शोधायला फोन लावला की मी म्हणायचो, "भिया, हमारी पहचान में एक बच्ची है, उसको खून लगता है." हे वाक्य इतकं तोंडात बसलं होतं की ते खोटं आहे हेही मला जाणवेनासं झालं होतं.

यंदाचा मे महिना वाईट निघाला. एप्रिलमध्ये जयंतीला महूला रक्तदानाचं शिबिर होतं तेव्हा रक्तपेढीत जागा पुरत नाही, पण रक्त म्हणजे काही लोणचं नव्हे, महिना-दीड महिन्यात ते वापरावंच लागतं. निगेटिव्ह पिशव्या तर आधी संपतात. कॉलेजं बंद, एरवी रक्त देणारी सिमरोलच्या होस्टेलची मुलं आपापल्या गावी गेलेली, ऊन असं की धडधाकट माणूससुद्धा रक्त द्यायला दोनदा विचार करतो. मुलीची तारीख उलटून गेली. आम्ही सेंटरला जाऊन तपासणीचं रक्त देऊन आलो, तेव्हा तिथल्या सिस्टर म्हणाल्या, तिच्या गटाची एकच पिशवी आहे, तातडीच्या केससाठी राखून ठेवलेली. तुम्ही डोनर आणा, मी ती सोडते.

त्या संध्याकाळी मी गॅलरीत उभा राहून एकामागून एक फोन लावले. कुणाला कावीळ होऊन गेलेली, कुणी गावाला, कुणी 'देखते हैं' म्हणून गप्प. कंपनीच्या स्टोअरमधला एक जण त्याच गटाचा आहे आणि त्याने आधी बऱ्याचदा रक्त दिलं आहे. त्याला मी मुद्दाम शेवटी ठेवला होता. दर वेळी त्यालाच काय म्हणून पिडायचं?

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगी म्हणाली, "मला नाही जायचं आता सेंटरला."

मी विचारलं, "आज नाही, की नंतर?"

"नाहीच जायचं."

ती रागावलेली नव्हती, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली. तिने उशी पाठीशी घेतली आणि लॅपटॉपवर तो सिनेमा लावला. बायकोने समजावलं, मी समजावलं, मग बायको रडली. मुलगी पडद्याकडे बघत राहिली. तिचे ओठ मला त्या नायिकेसारखेच दिसायला लागले होते, आणि यांना काही लिपस्टिक लावलेली नव्हती.

मी ऑफिसला गेलो खरा, पण हातून काही काम होईना. शेवटी जेवणाच्या सुट्टीत कँटीनच्या कोपऱ्यात कानात इअरफोन खुपसून तोच सिनेमा फोनवर लावला. पोरीच्या डोक्यात हा काय भरवतोय ते बघावं म्हटलं. डोंगरातल्या एका शाळेच्या होस्टेलमध्ये नवी मुलगी येते. खेळाच्या तासाला कायम आजारी, उन्हात जात नाही, डबा दुसऱ्यांना वाटून टाकते. तिचं गुपित तिच्या खोलीतल्या मैत्रिणीला कळतं. मधला भाग मी पळवत बघितला. शेवटी ती नायिका ठरवते की आता कुणाचंच रक्त प्यायचं नाही. मोडक्या बाकांच्या खोलीत जाऊन ती आडवी होते आणि हळूहळू फिकी होत जाते. मैत्रीण हात धरून बसलेली असते. बस, संपला सिनेमा.

हा शेवट मी साफ विसरलो होतो. लहानपणी बहुतेक तोवर आम्ही पोरं क्रिकेटला पळालेलो असणार. डब्याला हात न लावता मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. घरी पोचेपर्यंत डोक्यात एकच होतं, की पोरगी आता शेवटापर्यंत आली.

बडा गणपतीच्या देवळामागच्या आमच्या घरी पोचलो आणि चपला न काढताच लॅपटॉप बंद केला. "हे शिकतेस का यातून? ती मेली म्हणून तूही?" मी असं बोलायला नको होतं, पण भीती वाटली की मला आधी रागच येतो.

मुलगी माझ्याकडे वळली. "पप्पा, तुम्ही पिक्चर बघितला?"

"शेवटपर्यंत."

"मी तर एंड बघतच नाही. बोर आहे, खाली-पिली रोना-धोना. मी त्याच्या आधीच बंद करते."

माझा विश्वास बसला नाही. तिने लॅपटॉप परत मागून घेतला आणि नेहमी जिथे थांबते ती जागा काढून दाखवली. मी घाईघाईने पळवलेला भाग होता तो. खोलीतल्या मैत्रिणीला सगळं कळलेलं असतं. ती किंचाळत नाही, पळत नाही. एवढंच विचारते की तुला किती दिवसांनी लागतं. नायिका सांगते. मैत्रीण बाही वर करते. मग दोघी भूगोलाच्या गृहपाठावरून भांडत बसतात, कारण एकीने दुसरीचा नकाशा भिजवलेला असतो. प्रसंग एवढाच. माझी मुलगी वर्षभर एवढंच बघत होती.

मी तिच्या शेजारी पलंगावर बसलो. हा सिनेमा इतकी वर्षं का टिकला ते मला तेव्हा कळलं, आणि कळून बरं वाटलं असंही नाही. आम्हाला वाटत होतं की पोरांना त्यातली भीती आवडते. भीतीचे सिनेमे पायलीचे पन्नास पडलेत. सोळाव्या वर्षी प्रत्येकाजवळ काहीतरी असतं, जे कुणाला कळलं तर आपण संपलो असं वाटतं. इथे कुणालातरी ते कळतं आणि नंतर भांडण होतं ते नकाशावरून.

"मग सेंटरला का नको?" मी विचारलं.

तिला बोलतानाही दम लागत होता. "काल तुम्ही गॅलरीतून फोन लावत होते. पहचान में एक बच्ची है."

"हो, मग?"

"मग तिलाच न्या ना. मी तर तुमची मुलगी आहे."

मी म्हणालो की ते तुझ्यासाठीच, तुझं पुढे चांगलं व्हावं म्हणून. आवाज चढला होता माझा. तिने मान भिंतीकडे वळवली. सोळा वर्षांच्या मुलीला उचलून तर नेता येत नाही. ती नाहीच म्हणाली तर मी काय करणार? स्वयंपाकघराच्या दारात उभी असलेली बायको म्हणाली, "फोन लावा. गॅलरीत नाही, इथे बसून लावा."

मी स्टोअरमधल्या त्या माणसाला फोन लावला आणि स्पीकर सुरू केला. मागे खोकी आपटल्याचे आवाज येत होते.

"बोलो भिया."

"वो, खून की जरूरत थी."

"हाँ हाँ. वोई बच्ची?"

मुलगी भिंतीकडेच बघत होती. "मेरी बेटी है," मी म्हणालो. "मेरी ही बेटी है वो."

पलीकडे खोकी आपटायची थांबली. त्याने बहुधा कुणाला तरी खूण केली असावी.

"मालूम है भिया," तो म्हणाला. "पेली बार देने आया था, तभी बाहर बेंच पे बिटिया स्कार्फ हटा के पानी पी री थी, एकदम तुम्हारी शकल. पूरे स्टोर को मालूम है. तुम नी बोले, तो हमने बी नी बोला. कित्ते बजे आना है, वो बताओ."

मी वेळ सांगितली असावी, मला ते आठवत नाही. फोन ठेवला तेव्हा मुलगी उठून बसली होती.

"सगळ्यांना माहीत होतं?"

"असं दिसतंय."

"आणि मी सेंटरला तोंडाला स्कार्फ बांधून जाते," ती म्हणाली, "इतक्या गर्मीत."

बायकोने तिला हात दिला. आम्ही जिना उतरायला लागलो. ती मध्ये मध्ये थांबत होती आणि मी पाण्याची बाटली धरून मागे उभा राहत होतो. खालच्या मजल्यावरच्या आंटी दारात गहू निवडत बसल्या होत्या. त्यांनी वर बघितलं. "इत्ती धूप में कहाँ चली बेटा?"

सवयीने मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण मुलगी माझ्या आधी बोलली.

"खून चढ़वाने, आंटी. मुझे हर थोड़े दिन में लगता है."