मेरेवरचा काळा गाळ

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते. पेपर तपासताना दोन मुलांची एकच चूक दिसली की मी आधी ती कुठल्या बाकावर बसतात ते बघते. बाजारात मासे घेताना कल्ले उघडून बघितल्याशिवाय पिशवी पुढे करत नाही. आई म्हणायची, ही देवाच्या प्रसादाचाही वास घेऊन बघेल.

शाळेत मी ‘मृदेचे प्रकार’ शिकवते. पुस्तकात मातीची मृदा झाली की मुलांना ती दुसऱ्याच कुठल्या जिल्ह्यातली वाटायला लागते. मला माती शिकवली बाबांनी, तीही शेतात उभं करून. लहानपणी एकदा मी नुसतं ‘चिखल’ म्हटलं तर ते वैतागले.

“चिखोल म्हणजे काय एकच वस्तू आसा गो? पायाखालसून सरकता ती रेंव. पायाक चिकाटता तो गाळ. आणि पाय धरून ठेयता, सोडणा नाय, तो रेंदो.”

मग त्यांनी मला डोळे मिटायला लावून तिन्हींवरून चालवलं. मी रेंद्यात गुडघ्यापर्यंत रुतले आणि रडले. पण त्या दिवसापासून माझे पाय कधी चुकले नाहीत.

आमचं शेत मसुरे गावाच्या खालच्या अंगाला, नदीलगत. पूर येऊन गेला की काळा, मऊ गाळ बसतो, आणि भात त्याच्यावर पोसतं. आमच्या शेताला लागून, डोंगराच्या बाजूला, शेजारच्या काकांचं शेत. त्यांच्याकडे गाळ पोचत नाही. डोंगरावरून उतरलेली तांबडी, खरखरीत माती, तीच त्यांच्या वाट्याची. दोन्ही शेतांच्या मधे एक मेर. बाहेरचे लोक तिला बांध म्हणतात. आमच्याकडे रीत अशी की लावणीच्या आधी ज्याने त्याने मेरेची आपली बाजू आपल्याच शेतातल्या चिखलाने लिपून काढायची. त्यामुळे आमची मेर एका अंगाने काळी आणि दुसऱ्या अंगाने तांबडी. हद्द सांगायला वेगळा दगड कधी लागला नाही.

बाबांचे गुडघे गेल्याला तीन वर्षं झाली. तेव्हापासून शेताचं मी बघते, शाळा सांभाळून, मजूर मिळतील तसे. या श्रावणात नदीला मोठं पाणी आलं, मेरेवरून गेलं आणि एका जागी मेर फोडून गेलं. पाणी ओसरल्यावर मी बघायला गेले, तर काकांच्या बाजूचा तांबडा लेप ठिकठिकाणी धुऊन गेला होता आणि खालून काळं दिसत होतं. मी बोटावर घेऊन चोळून बघितलं. आमचा गाळ! त्यांच्या बाजूला!

माझ्या डोक्यात लगेच सगळं जुळून आलं. काका रोज संध्याकाळी मेरेवर उभे राहून काठीने काहीतरी टोचत असतात, ते हेच. बाबा घरी बसले, मी शाळेत, म्हणजे रान मोकळं. आमचा गाळ उचलायचा, आपल्या बाजूला थापायचा, वर तांबडा हात फिरवायचा. मला स्वतःच्या हुशारीचं कौतुकसुद्धा वाटलं.

त्याच संध्याकाळी मी त्यांना गाठलं. “काका, आमचो गाळ तुमच्या अंगाक कसो इलो?”

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग मेरेकडे. “पाण्याक मेर खंय दिसता गो?” म्हणाले आणि काठी टेकत निघून गेले. असं गोड उत्तर देणाऱ्या माणसावर माझा मुळीच विश्वास बसत नाही. मी त्यांच्या पाठीमागून मोठ्याने सांगितलं की सोमवारी मी मोजणीचा अर्ज देणार आहे. सरकारी माणूस येऊन काय ते ठरवेल.

घरी येऊन बाबांना सांगितलं. वाटलं, शाबासकी मिळेल. ते भडकले.

“मोजणी नको! कोणी सांगितल्यान तुका?”

“बाबा, तो गाळ आपलो आसा. मी हातात घेऊन बघलंय.”

“गप ऱ्हव. शेजारी आसा तो. रोज तोंड बघूचा लागता.”

पुढे ते जेवलेही नाहीत धड. मला त्यांची कीव आली. म्हातारपणी माणूस भित्रा होतो, असं मी मनाशी ठरवून टाकलं आणि अर्ज लिहून ठेवला.

रविवारी सकाळी मजूर मिळाला नाही म्हणून मीच फावडं घेऊन गेले. फुटलेल्या मेरेला नुसता चिखल लावून भागत नाही. फुटलेलं टोक आधी सरळ तासून घ्यावं लागतं, नाहीतर नवा चिखल जुन्याला धरत नाही. मी तासलं. मेरेचं पोट उघडं पडलं, आणि अळूवडीचा उंडा कापल्यावर दिसतात तसे त्यात पदर दिसले.

आमच्या बाजूला जेमतेम तीन काळे पदर. ते मला ओळखीचेच होते, या तीन वर्षांत मीच मजूर लावून लिपून घेतलेले. त्यांच्या आत एकदम जुनी, टणक मेर, फावड्याने तासल्यासारखी सपाट. आणि काकांच्या बाजूला पदरच पदर, हातभर जाडीचे. काळा, तांबडा. काळा, तांबडा. पार आतपर्यंत.

मी तिथेच खाली बसले. गाळ चोरणारा माणूस मेरेला कशाला लिपेल? तो शेतात पसरेल. मेरेची एक बाजू तासायची आणि तो चिखल पलीकडच्या अंगाला थापायचा, हे करतो त्याला मेर सरकवायची असते. दर वर्षी बोटभर, पलीकडच्याच्या शेतात. बघणाऱ्याला वाटतं, माणूस मेर दुरुस्त करतोय. आणि तासलेली बाजू आमची होती. बाबा तीन वर्षांपूर्वी शेतात यायचे थांबले, आणि तीन वर्षांपूर्वीच आमच्या अंगाला पहिला पदर चढला होता.

ज्यांनी मला डोळे मिटून चिखल ओळखायला शिकवला, तेच बाबा. मला त्यांचा इतका राग आला की मी फावडं बाजूला फेकलं. त्यांची भीती वेगळीच होती तर, आणि मी त्यांची कीव करत बसले होते.

तेवढ्यात पलीकडून काठीचा आवाज आला. काका येत होते. मी विचार केला नाही. दोन्ही हातांनी समोरचा गाळ ओढला आणि त्या पदरांवर भराभर थापला. आमच्या बाजूला, मधे, त्यांच्या बाजूलाही, जिथे जिथे पट्टे दिसत होते तिथे. ते येऊन उभे राहिले तेव्हा सगळं काळंशार, गुळगुळीत झालं होतं आणि मी कोपरापर्यंत माखले होते.

“मोजणी कधी गो?” त्यांनी विचारलं.

“नको, काका,” मी म्हटलं. “ऱ्हवांदे मोजणी.”

मी काय लपवलं ते त्यांना कळू नये, एवढंच मी मनात घोकत होते. त्यांनी वाकून माझं काम बघितलं.

“बापाशीसारख्याच लिपतंस गो,” ते म्हणाले.

मग त्यांनी काठी बाजूला ठेवली, धोतर वर खोचलं, आपल्या शेतात वाकून ओंजळभर तांबडा चिखल उचलला आणि मी आताच थापलेल्या काळ्यावर तो सावकाश लिपायला सुरुवात केली.