फिर्यादीतली वेळ

फिर्याद लिहून घेण्यात ठाण्यात माझा हात धरणारा कोणी नाही, असं मी स्वतःच सगळ्यांना सांगत असे. माणूस कितीही घोळ घालून बोलो, मी त्याचं कुठे, कधी, कोणी असं सरळ करून टाइप करायचो. साहेब कौतुक करायचे आणि मी भलताच शेफारलो होतो.

एके दिवशी उमरठच्या वरच्या अंगाच्या वाडीतून एक आजी आली. मुलगे मुंबईला, घरी ती आणि तिच्या दोन शेळ्या. त्या दोन्ही शेजारच्या मुलाने टेम्पोत घालून नेल्या होत्या आणि तिने बांधावरून ते डोळ्यांनी पाहिलं होतं. कधी, विचारलं तर म्हणाली, दुपारची गाडी वर आली त्या टायमाला. आमच्याकडे हातात मोबाइल असला तरी वेळ एस्टीवरच सांगतात. ती गाडी एकची, हे मला तोंडपाठ. मी ठोकून दिलं, 'दुपारी एक वाजण्याच्या सुमारास'. वाचून दाखवलं, तिने अंगठा दिला.

त्या शेजारच्या मुलाने महाडच्या एका पेट्रोल पंपावरचं त्या दिवसाचं चित्रण आणून दिलं. बरोबर एक वाजता तो तिथे डिझेल भरत होता. म्हातारी शेजाऱ्याच्या पोरावर खोटा आळ घेते, असा वाडीत बभ्रा झाला. विहिरीवरच्या बायकांनी तिच्याशी बोलणं टाकलं.

मला काही चैन पडेना. शेवटी डेपोत जाऊन चौकशी केली. त्या दिवशी गाडी घाटात बंद पडली होती आणि वाडीला पोचायला अडीच वाजले होते. साहेबांना सांगितलं, तर म्हणाले, पुरवणी जबाब घे, पण वेळ सांगताना आजीच चुकली असं लिही, उगाच स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेऊ नकोस. खोटं कशाला बोलू, वाडीची चढण चढेपर्यंत मलाही ते पटत होतं.

आजीच्या ओटीवर बसलो आणि तिचा चेहरा पाहून सगळं खरं सांगून टाकलं. मग विचारलं, "आजी, मी वाचून दाखवलं तेव्हा तुम्ही बोलला का नाहीत?"

"सायब, तुमी एक लिवलात. मला वाटला, माझाच चुकला आसंल," ती म्हणाली. "मग वाटला, त्या पोराला तरी मी खरा बघितला का नाय?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेळ्या त्या पोराने नेल्या होत्या, पण स्वतःच्या डोळ्यांवरचा तिचा विश्वास मी नेला होता.

तिथेच नवा जबाब लिहिला. गाडी वर आल्याची वेळ तिच्याच शब्दांत, आणि एक वाजताची चूक माझी, माझ्या नावाने. वाचून दाखवला आणि शाईचा पॅड पुढे केला. आजीने हात मागे घेतला.

"परत वाचा," ती म्हणाली.

मी पहिल्या ओळीपासून वाचायला लागलो.