चिंचोक्यांचा बाजार

"किती हायेत ते नको सांगू. त्याच्यात काय येईन ते सांग."

आमच्या गणिताच्या बाई हे वाक्य दिवसातून कितीदा म्हणत, देव जाणे. त्या काळी तुम्ही अकोल्याच्या जुन्या शहरात राहिला असाल, तर त्यांचा ओटा तुम्हीही पाहिला असेल. उघड्या दारातून बुद्धाची तसबीर दिसायची आणि ओट्यावर आम्ही पोरी, मुठीत चिंचोके धरून.

रविवारी तिथं बाजार भरायचा. पाढा म्हटला की बाई मूठभर चिंचोके देत आणि मग फुटाण्याच्या पुड्यांचा लिलाव करत. पुड्या मोजून ठरलेल्या तेवढ्याच, जी जास्त चिंचोके बोलेल तिला पुडी. वर्गात मवाळ असणाऱ्या बाई लिलावात पदर खोचून असा आवाज लावत, की कापसाच्या बाजारातले दलाल लाजावेत.

मी मॅट्रिक झाले होते, तरी माझा रविवार चुकत नसे. मला अमरावतीला मास्तरणीच्या ट्रेनिंगला जायचं होतं. माय कापसाच्या जिनिंगमध्ये राबायची आणि ज्वारीच्या कोठीत माझ्यासाठी पैसे दडवून ठेवायची. "अजून थोडे साठू दे," एवढंच तिचं म्हणणं. ती साठवत होती आणि तिकडे वसतिगृहाचा खर्च पुढं पळत होता. इकडे मामानं माझ्यासाठी स्थळं आणायला सुरुवात केली होती. मला रडू यायचं.

एकदा बाईंजवळ रडलेच. त्यांनी मायला उपदेश वगैरे काही केला नाही. संक्रांतीच्या सुमारास गल्लीत भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "वैनी, रविवारी तुमी बी या खेळाले."

"मी काय लहान पोरगी हावो काय, बाई?" माय हसली. पण आली.

तिला पाढे कुठले येणार! तिनं जात्यावरचं गाणं म्हटलं आणि बाईंनी तिलाही मूठ भरून दिली. आम्ही फुटाणे खात बसलो. मायनं मात्र एकही पुडी घेतली नाही. दर रविवारी मिळालेले चिंचोके ती पदराच्या गाठीत बांधी आणि आमच्याकडे बघून म्हणे, "खादाड हायेत पोट्ट्या."

मग चैत्र लागला. आमच्या गल्लीत चैत्रात घरोघरी चिंच फोडतात. त्या रविवारी पोरी ओचे भरभरून चिंचोके घेऊन आल्या, आणि बाईंनी कुणालाच अडवलं नाही. एकेका पुडीसाठी पोरी ओंजळीच्या ओंजळी ओतू लागल्या. आता घ्यावंच म्हणून मायनं गाठ सोडली. सगळी गाठ रिकामी झाली, तेव्हा कुठं एक पुडी हाती आली.

"माह्ये चिचोके तर एकबी कमी नाई झाले! मंग एकच पुडी काहून आली?"

"किती हायेत ते नका सांगू वैनी," बाई हळूच म्हणाल्या.

मायनं पुडी न उघडताच पदरात टाकली. मग तिनं विचारलं, "नोटा छापनाऱ्या सरकारच्या घरी बी चिचेचं झाड असते काय, बाई?"

"असंच समजा."

घरी आल्या आल्या मायनं कोठीत हात घातला. पैसे त्या वर्षाच्या खर्चाला जेमतेम पुरत होते. "जाय तू औंदाच," ती म्हणाली. "ठेवून ठेवून चिचोके होतीन याचे." मामा रुसला. मी अमरावतीला गेले.

ट्रेनिंग संपवून पहिल्या पगाराचे पेढे घेऊन मायसोबत गेले, तर बाईंच्या दाराला कुलूप. दर्यापूरकडे बदली झाली, एवढंच शेजारणीनं सांगितलं. पेढ्यांचा पुडा हातात तसाच राहिला. त्यानंतर बाई मला कधीच भेटल्या नाहीत.

पण ओट्यावर गल्लीतल्या नव्या पोरी बसलेल्या होत्या, समोर फुटाण्याच्या पुड्या मांडून. त्यातली एक मायला म्हणाली, "आजी, बसता काय? बोला, किती चिचोके देता?"

माय पदर सावरून बसली. तिनं आधी गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवली.

"थांब वो पोरी," ती म्हणाली. "पयले सांग, घरोघरी चिचा फोडून झाल्या काय?"