शहादेवनं बसवलेला पुढचा ब्रेक

पालीच्या शहादेवची कॉलर मी धरली होती, हे आधीच सांगून टाकतो. पंचेचाळीस-पन्नास माणसांच्या समोर धरली आणि त्याच्या तोंडावर ओरडलो, "माणसं मारायचा कारखाना टाकलास का बे?"

शहादेव मूळचा वडवणीकडचा. घरी मेंढरं. शाळा सातवीत सुटली. माझीही तिथंच सुटली, तेव्हा त्यावरून कुणी नाक मुरडू नये. भाऊ मेंढरांमागं गेले, हा जुन्या मोटारसायकलींमागं. तीस-तीस वर्षांच्या गाड्या, ज्यांचा साधा नट बाजारात मिळत नाही, त्या याच्या पत्र्याच्या शेडमधून फटफट करत बाहेर पडतात. पण नाव झालं ते पुढच्या ब्रेकनं. जुन्या गाडीला पुढं ड्रम ब्रेक असतो. गाडीवर ओझं असलं की घाटात तो पुरत नाही. शहादेव भंगारातून दुसऱ्या मॉडेलची गाडी हुडकतो आणि तिचं चाक, डिस्क, शॉकअप, सगळं पुढचं अंग हिला बसवतो. कायद्यात हे कितपत बसतं ते कायदेवाल्यांनी बघावं. मी काम सांगतोय.

"नुसती डिस्क डकवून भागत न्हाई भाऊ," तो मला एकदा म्हणालता. "हँडलवरचा पंप आन् खाली डिस्कला चिमटणारं कॅलिपर जोडीनं आणावं लागतं. पंप मोठा झाला तर लिव्हर दगडावानी. बारका झाला तर लिव्हर मुठीला टेकतो आन् गाडी आपली पुढंच." मग माप घ्यायचं, बीडला लेथवर चाकाच्या आसाला बसणारा बुश करून आणायचा, चाक नेमकं मधोमध येईस्तोवर दोन-दोन दिवस तेच. घाई करणाऱ्याला तो सरळ म्हणतो, गाडी उचल आन् नीघ.

मांजरसुंब्याच्या घाटावरच्या वस्तीतला बंकट त्याच्याकडं आला तो बापाच्या वेळची गाडी घेऊन. दोन्ही अंगांना दुधाचे कॅन, रोज घाट उतरून बीड. दसऱ्याच्या चार दिवस आधी शहादेवनं डिस्क बसवून दिली. बंकट पालीच्या चौकातल्या हॉटेलासमोर मुद्दाम गाडी जोरात आणायचा आणि दोन बोटांत थांबवून दाखवायचा.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तो गिअरवरच घाट उतरला आणि घाट संपता संपता मेंढरं आडवी आली. बंकटनं लिव्हर दाबला. गाडी थांबलीच नाही. मागचा ब्रेक दोन भरल्या कॅनांपुढं काय करणार? त्यानं गाडी तुरीच्या रानात घातली. दूध मातीत, आणि पाय दोन जागी मोडला.

तासाभरात पालीत बातमी झाली की शहादेवची डिस्क फेल गेली. बंकटला बीडला दवाखान्यात नेलं, आणि वस्तीवरच्या पोरांनी गाडी टेम्पोत घालून शहादेवच्या दारात आणून टाकली. रस्त्यावर मरणाऱ्या माणसांसाठी मी पंधरा वर्षं भांडतोय. डोकं फिरलं. शेड आजच पाडायचं, असं मीच बोललो. दोघांनी पहार आणली.

शहादेव कॉलर सोडवायच्या भानगडीत पडला नाही. म्हणाला, "शेड पाडा. पण आदी चाक बघू द्या."

पुढचं चाक त्यानं विटांवर उचललं. मला म्हणाला, "दाबा लिव्हर." मी आवळला. कडक, नीट, जसा पाहिजे तसा. "आता फिरवा चाक." मी डाव्या हातानं ओढलं आणि चाक फिरलं. लिव्हर गच्च आवळलेला असताना फिरलं! एवढा कडक लिव्हर आणि खाली पकडच नाही?

शहादेव खाली बसला. डिस्कला जी भोकं असतात, त्या भोकाभोकांत पिवळं दिसत होतं. त्यानं बोट फिरवलं, हुंगलं, मग माझ्या नाकाशी धरलं. करडीचं तेल. आणि हळद.

"दसऱ्याला गाडी कुणी पुजली?"

बंकटची आई, सरस्वतीबाई, टेम्पोतच बसून आली होती. पदर खोचून पुढं झाली. "मी पुजली. दरसाल पुजते. चाकाला तेल-हळदीची पाच बोटं लावते. यंदा ती थाळी लई चकाकत होती, मनलं हितंच लावावं. गोल फिरवून चांगलं माखलं."

"काकू, ती थाळी न्हाई. ब्रेक हाय तो."

गर्दीतलं पंडित नावाचं एक पोरगं खेकसलं, "आता पूजेला दोष देतो व्हय बे? मार त्याला पहार!"

"गप ए!" म्हातारीनं त्याला तिथंच दाबलं. शहादेवला म्हणाली, "मला दाखव. डोळ्यानं."

त्यानं डिस्क साबणानं धुतली, पेट्रोलनं पुसली, तेल प्यालेले पॅड फेकून नवे घातले. लिव्हर दाबला. मी दोन्ही हातांनी झोंबलो, चाक तसूभर हललं नाही. मग त्यानं शेडमधली बाटली आणून म्हातारीच्या बोटावर तेल घातलं. तिनं ते डिस्कला लावलं. शहादेवनं चाक चार वेळा फिरवून लिव्हर आवळला, मी ओढलं आणि चाक सरकलं.

सरस्वतीबाई तिथंच मातीत बसली. बोटाकडं बघत म्हणाली, "म्हंजी पोराला मीच लोटलं."

"न्हाई काकू. गाडी देताना मी बंकटला सांगायला पायजे होतं. ड्रमला वरून झाकण असतं, तुमी जल्मभर लावलं तरी आत जात न्हाई. हे उघडं असतंय. तेवढं सांगायचं राहिलं."

पहार आणणारे दोघं कधी सटकले कळलंच नाही. मी शहादेवला बाजूला घेतलं आणि चुकलो म्हणालो. तो म्हणाला, "शिव्या चौकात दिल्या, माफी कानात काहून देता?" मग टेम्पोच्या फाळक्यावर चढून सगळ्यांसमोर म्हणालो. माझ्या तोंडून तो शब्द पालीनं पहिल्यांदाच ऐकला असेल.

शहादेवचं तिकडं लक्ष नव्हतं. तो म्हातारीसमोर उकिडवा बसला होता. जुनं ड्रमचं चाक त्यानं आतून आणून ठेवलं होतं.

"काकू, मनात भ्या असंल तर डिस्क काढून हे बसवून देतो. आत्ताच."

सरस्वतीबाईनं दोन्ही चाकांकडं बघितलं. मला वाटलं, काढ म्हणणार. कुठलीही आई म्हणाली असती.

"काहून काढतो?" ती म्हणाली. "घाट त्योच हाय. तेल तेवढं नीट धू."