दुसरा पाय
लाल कार्बोलिक साबणाचा वास आला की मला शारजातली ती पत्र्याची खोली आठवते. साठच्या दशकातला पवित्र गुरुवार होता. फादरांची बोट चुकली, म्हणून प्रभूने शिष्यांचे धुतले तसे आमचे पाय धुवायचा मान वयाने सगळ्यात मोठ्या माणसाला, कंपनीच्या मेसमधल्या आचाऱ्याला मिळाला. आदल्याच आठवड्यात माझं खिशातलं घड्याळ हरवलं होतं, मी मॅनेजरकडे चोर म्हणून त्या आचाऱ्याचं नाव घेतलं होतं आणि शनिवारच्या बोटीने त्याला गावी धाडायचं ठरलं होतं. त्या गुरुवारी सकाळी घड्याळ माझ्याच ट्रंकेत, कोटाच्या अस्तरात सापडलं. ते खिशात घालून मी बारा जणांच्या रांगेत बसलो होतो. धुळीमुळे दार बंद, दोन्हीकडून घामेजलेले खांदे चिकटलेले, उठायला वावच नाही. गाढवावरून आणलेलं गोडं पाणी परातीत आणि तो लाल साबण हातात घेऊन तो माझ्यापुढे गुडघ्यांवर बसला. सगळे मनात प्रार्थना म्हणत होते आणि त्या शांततेत माझ्या खिशातली टिकटिक मला ऐकू येत होती. त्याचा हात मध्येच थांबला. त्याने वर पाहिलं. मग माझा पाय बोटांच्या बेचक्यांतून पुसला, त्यावर ओठ टेकले आणि एरवी मला साहेब म्हणणारा तो हळूच म्हणाला, "दुसरा पाय दे, बाळा." मी दिला. शनिवारी बोट सुटली, तरी मी तोंड उघडलं नाही. आता गावच्या चर्चमध्ये दरवर्षी पाय धुवून घ्यायच्या बारा म्हाताऱ्यांत माझं नाव घालतात. मी सांगतो, पायाला जखम आहे.