भोपळेरावाचा पाचवा भाग

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिला तर माझ्या रक्तातली साखरसुद्धा माझ्याआधी कळते. आत्ताच का सांगतोय, ते ओघात येईल. आधी निवांत बसा.

सत्तावीस वर्षं मी संभाजीनगरला, सिडकोतल्या एका छोट्या वाचनालयात ग्रंथपाल होतो. आता निवृत्त आहे. पडेगावला राहतो, सकाळी चहा घेऊन गॅलरीत बसतो आणि वाचतो. काय वाचतो? इथंच तर गोम आहे. लोकांना वाटतं, सर काहीतरी जाडजूड, वैचारिक वाचत असणार. मी तसं वाटू दिलं. खरं सांगायचं तर मला सगळ्यात जास्त सुख दिलं ते वेडगळ शूरवीरांच्या विनोदी कादंबऱ्यांनी. राक्षस, शापित किल्ले, बोलणारी गाढवं — सगळा खुळ्यांचा बाजार!

त्यातली एक होती भोपळेराव नावाच्या सरदाराची, पाच भागांची. हा गडी राक्षसाला मारायला निघतो आणि तलवार घरीच विसरतो. मग वाटेतल्या एका लग्नाच्या मांडवातून भजी तळायचा झारा उचलतो. घोडा असा की चढ दिसला की खाली बसतो. सोबतच्या मांत्रिकाला एकच मंत्र येतो, दूध उतू घालवायचा. तीन भाग धडपडत राक्षसाच्या दारात पोचावं, तर तो म्हणतो — आज मंगळवार, माझा उपास असतो, भांडण उद्या. हे वाचताना मी तोंडात रुमाल कोंबायचो. का आवडतं एवढं? मला वाटतं, या माणसाला काही म्हणजे काही जमत नाही, हे साऱ्या जगाला माहीत असतं, त्यालाही माहीत असतं — तरी तो पुढं जातो. ते वाचलं की मला माझ्या ढेरीसकट, टकलासकट बरं वाटायचं. अजूनही वाटतं.

पण वाचनालयात मी कसा होतो? ही पुस्तकं मी सगळ्यात खालच्या फळीवर ठेवायचो आणि कुणी मागितली की चष्म्यावरून बघायचो. जरा चांगलं वाचत जा, असं कितीजणांना म्हणालो असेन!

माझ्या चष्म्याला एकट्या शोभाताई भीत नसत. त्या शेंद्र्याच्या एका कारखान्यात पॅकिंगला होत्या. शिफ्ट सुटली की कंपनीच्या बसमधून उतरून थेट वाचनालयात यायच्या, गळ्यात ओळखपत्र तसंच. घरी गेलं की स्वयंपाक, म्हणून अर्धा तास इथंच वाचायच्या — आणि ‘शांतता राखा’च्या पाटीखाली बसून खळखळून हसायच्या. मी दटावलं की म्हणायच्या, “काय करू सर, लई हसवतंय हे मेलं. दिवसभर खोकी चिकटवून डोकं आंबतं, इथं आलं की मोकळं होतं.” मी कपाळाला आठी घालायचो. आतून मात्र त्यांच्या हसण्यावरून कुठलं पान चाललंय ते ओळखायचो.

आता मुद्द्यावर येतो. येतोच.

आमच्याकडं संगणक नव्हता. पुस्तक दिलं की वहीत नोंद, परत आलं की त्या नोंदीवर लाल रेघ. रेघ पडली की वाचक सुटला. एका संध्याकाळी शोभाताईंनी भोपळेरावाचा पाचवा, शेवटचा भाग परत आणला. माझा तो वाचायचा राहिला होता. किती दिवस मी त्यावर डोळा ठेवून होतो! त्यांच्या हातातून घेतलं आणि सरळ माझ्या पिशवीत, डब्याशेजारी. स्वतःच्या नावावर नोंद करायची लाज वाटत होती. आणि त्या घाईत त्यांच्या नोंदीवर रेघ मारायची राहून गेली. इथवर ती नुसती चूक होती.

पुस्तक घरीच राहिलं. एकदा वाचलं, पुन्हा वाचलं, आज नेऊ उद्या नेऊ करत राहिलो. मार्चमध्ये पुस्तकांची मोजदाद झाली. समितीचे तिघं टेबलाभोवती बसले. एक पुस्तक कमी. वही उघडली — शोभाताईंचं नाव, रेघ नाही. त्यांना बोलावणं गेलं. त्या आल्या आणि माझ्याकडं बघून अगदी सहज म्हणाल्या, “म्या तर कवाच परत दिलं. सरांच्याच हातात दिलं की. व्हय ना सर?”

किती विश्वास होता त्या आवाजात! मला फक्त मान हलवायची होती. पण मग पुढचा प्रश्न आला असता — पुस्तक कुठंय? आणि सरांच्या उशाशी भोपळेराव सापडला असता. मी वहीत बघत राहिलो. म्हणालो, “नोंद तर दिसत नाही.”

शोभाताईंनी ओळखपत्राची दोरी सारखी केली आणि त्या गेल्या. पुस्तक बुडवणाऱ्यांची नावं दारातल्या फळ्यावर लिहायची आमच्याकडं पद्धत होती. माझं अक्षर सुंदर, म्हणून फळा माझ्याकडं. त्यांचं नाव मी लिहिलं — पूर्ण नाव, वळणदार. महिनाभर ते तिथं होतं. शोभाताई पुन्हा आल्या नाहीत. भोपळेराव भित्रा खरा, पण झारा घेऊन राक्षसापुढं उभा तरी राहतो. माझ्यापुढं कोण होतं? चहा पिणारे तीन म्हातारे.

त्यानंतर मला झोप लागली नाही, असं सांगू? खोटं होईल. झोप छान लागली. पाचवा भाग मी दरवर्षी वाचतो आणि पोटभर हसतो. हे कबूल करायला जास्त जड जातंय.

गेल्या महिन्यात सिडको बसस्थानकात त्या अचानक भेटल्या. केस पिकलेत. आता फुलंब्रीला मुलाकडं असतात. माझ्या हातात असलीच एक नवी कादंबरी बघून त्यांना हसू आवरेना. “अगंबाई सर, तुम्ही बी असलं वाचता व्हय?” बाकावर बसून त्यांनी मला भोपळेरावाची सगळी गोष्ट सांगितली, पहिल्यापासून. मी पहिल्यांदाच ऐकतोय असा चेहरा केला. आजूबाजूची माणसंही हसायला लागली. मीही हसलो — मनापासून, काय करणार?

बस लागली. पायरीवर पाय ठेवताना त्या वळल्या. म्हणाल्या, “पाचवा लई भारी हाय, पण माझ्याच हातनं कुठंतरी हरवला बघा. तवा उगं तुमचं नाव घेतलं चारचौघांत. राग धरू नका, सर.”

आणि मी काय म्हणालो? “असू द्या शोभाताई,” म्हणालो. मोठ्या मनानं.